सापेलो: कालवांच्या थरांवर उभं बेट

शुक्रवार

मेरिडियनच्या धक्क्यावरून सापेलोची फेरीबोट सुटते, तेव्हा आधी समुद्र दिसतच नाही. दिसतं ते गवत. कमरेएवढं, नोव्हेंबरात पिवळसर पडलेलं, नजर पोचेल तिथवर पसरलेलं खाजणातलं गवत आणि त्यातून वळणं घेत जाणाऱ्या चिखलाच्या खाड्या. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर अशी जी खाजणं उरली आहेत, त्यांतली साधारण एक तृतीयांश एकट्या जॉर्जिया राज्याच्या छोट्याशा किनारपट्टीवर आहेत. इथला किनारा आत वळलेला असल्यामुळे भरतीचं पाणी कोंडून वर चढतं. भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरांच्या पुढे जातो. आम्ही निघालो तेव्हा ओहोटी होती आणि खाडीच्या दोन्ही काठांना कालवांच्या राखाडी रांगा उघड्या पडल्या होत्या. धारदार, एकमेकींवर चिकटलेल्या. ताई कठड्याला रेलून त्यांचे फोटो काढत होती. पुढचे सगळे दिवस या कालवांभोवतीच फिरणार आहेत, हे तेव्हा दोघांच्याही ध्यानात आलेलं नव्हतं.

सापेलोला पूल नाही. हौशी पर्यटकाने उठून बोटीत बसावं, असंही चालत नाही. एक तर सरकारी सहलीतून जायचं, नाही तर बेटावरच्या कुणाचं तरी पाहुणं म्हणून. आम्ही हॉग हॅमॉकमध्ये, म्हणजे बेटावरच्या एकमेव वस्तीत, एका बाईंकडे उतरणार होतो. बेटाचं क्षेत्रफळ साडेसोळा हजार एकर आणि वस्तीच्या वाट्याला आलेली जमीन साडेचारशेच्याही आत. बाकी जवळजवळ सगळं राज्य सरकारच्या ताब्यात.

बोट मार्श लँडिंगला लागली. २०२४च्या ऑक्टोबरात याच धक्क्यावरचा अ‍ॅल्युमिनियमचा उतार कोसळून सात माणसं गेली. वस्तीचा वार्षिक सांस्कृतिक मेळावा होता, पाहुण्यांची गर्दी होती. बोटीतून उतरताना सगळे आपोआप गप्प झाले. पुढे तीन दिवसांत त्या प्रसंगाचा विषय निघाला, की आमच्या यजमानीणबाई एवढंच म्हणायच्या, "ती आमच्याकडे आलेली माणसं होती."

संध्याकाळी त्यांचा पुतण्या आम्हाला पिकअपमधून पूर्वेच्या पुळणीवर घेऊन गेला. वाटेत जमीन दोन वेळा वर चढली आणि खाली उतरली. चढ इतका किरकोळ, की गाडीत असताना कळलाही नसता, पण झाडं बदलली. उंचवट्यावर ओक, त्यांच्यावरून लोंबणारं राखाडी शेवाळ, खोलगट भागात दलदल. बेटाचा पश्चिमेकडचा रुंद गाभा हिमयुगातल्या जुन्या किनाऱ्याचा आहे. मग समुद्र मागे हटला, इतका की त्याची पातळी आजच्यापेक्षा सव्वाशेएक मीटर खाली गेली आणि किनारा शंभरएक किलोमीटर पूर्वेला सरकला. तेव्हा सापेलो हे बेट नव्हतंच, आतल्या मुलखातली एक वाळूची टेकाडी होती. बर्फ वितळलं, पाणी परत आलं, आणि गेल्या चार-पाच हजार वर्षांत जुन्या गाभ्याच्या पूर्वेला नव्या वाळूच्या रांगा साठत गेल्या. मुख्य किनाऱ्याला समांतर उभं राहून लाटा अंगावर घेणारी अशी बेटं स्थिर कधीच नसतात. एका टोकाला झिजतात, दुसऱ्या टोकाला वाढतात. माणसाच्या इतिहासाच्या आधीच बेटाच्या अंगावर थर आहेत, हे तिथे उभं राहून पायांना कळतं.

शनिवार

सकाळी उत्तरेकडे निघालो. मातीचा रस्ता, दोन्ही बाजूंना पाइन आणि पाल्मेटोचं रान. शेवटचा टप्पा चालत. झाडी विरळ झाली आणि समोर एक बांध आला. निदान पहिल्या नजरेला तरी तो बांधच वाटला. गवत, पानं, ओकची झाडं, आणि त्याखाली जिथे जिथे माती सरकली होती तिथे पांढरं काही तरी. वर चढलो तर पायाखाली करकर आवाज. कालवांच्या कवचांवर आम्ही उभे होतो, आणि तो बांध वळत वळत जाऊन पुन्हा स्वतःला येऊन मिळत होता.

हे सापेलोचं शिंपल्यांचं कडं. अशी तीन कडी इथे आहेत. सगळ्यात मोठ्याचा व्यास ९० मीटरच्या आसपास, आणि जुन्या नोंदींनुसार भिंतीची उंची काही जागी सहा मीटरांपर्यंत. मधलं मैदान मोकळं, जवळजवळ सपाट. वय चार हजार वर्षांहून जास्त. म्हणजे शेती नाही, धातू नाही, अशा लोकांनी हे उभं केलं. शिकार, मासेमारी आणि कालवं वेचणं यांवर जगणाऱ्या लोकांनी.

विल्यम मॅकिन्ली यांनी १८७०च्या दशकात स्मिथसोनियन संस्थेच्या अहवालात या कड्यांचं वर्णन दिलं. नंतर क्लॅरेन्स मूर आले, १९५०च्या सुमारास वेअरिंग आणि लार्सन यांनी उत्खनन केलं, आणि गेल्या दोन दशकांत जॉर्जिया विद्यापीठाचे व्हिक्टर थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे खूप काम केलंय. जुने लोक कड्यातून चर खणत. आताचे लोक आधी जमिनीत रडारच्या लहरी सोडतात, विद्युतरोध मोजतात आणि मग मोजक्याच जागी छोटे खड्डे घेतात. उत्खनन म्हणजे शेवटी नाशच. एकदा खणलेला थर परत रचता येत नाही. म्हणून कमी खणणं हाच आदर, असं मला मनापासून वाटतं.

कड्याच्या आतल्या कडेला एक संशोधक विद्यार्थिनी मोजणी करत होती. तिने पिशवीतून खापराचा एक तुकडा काढून ताईच्या तळहातावर ठेवला. जाडजूड, काळपट तपकिरी, बिस्किटासारखा ठिसूळ. कडेला नीट पाहिलं तर बारीक बारीक पोकळ नळ्या, वळलेल्या, एकमेकींत गुंतलेल्या. भांडं घडवताना माती फुटू नये म्हणून तिच्यात झाडावरचं शेवाळ मळत. भाजताना ते जळून गेलं आणि त्याची जागा रिकामी राहिली. उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्या मातीच्या भांड्यांमध्ये या किनाऱ्यावरची ही खापरं मोडतात. ताईने वर पाहिलं. तेच शेवाळ आमच्या डोक्यावर फांदीवरून लोंबत होतं.

"उचलू नका हं काही," विद्यार्थिनी म्हणाली, पण ते सांगायची गरज नव्हती. सरकारी जमिनीवरून खापर काय, शिंपलाही उचलणं इथे गुन्हा आहे, आणि असायलाच हवा.

कडी कशासाठी, यावर वाद जुना आहे. एक मत असं, की हा निव्वळ उकिरडा. गोल मांडलेल्या झोपड्या, प्रत्येक घराने आपल्या मागे टाकलेली कवचं, ढीग वाढत वाढत एकमेकांना मिळाले आणि कडं झालं. दुसरं मत, की मोठ्या मेजवान्यांनंतर मुद्दाम रचलेलं हे स्मारक. थॉम्पसन यांचं म्हणणं दोहोंना जोडणारं आहे. सुरुवात घरगुती उकिरड्याने झाली, आणि पिढ्या उलटल्यावर त्याच ढिगांना वस्तीच्या लेखी वेगळा अर्थ आला. मला हे पटतं. माणसं आधी राहतात, मग आपल्या राहण्याकडे वळून बघतात.

कवचांना विचारलं तर ती बरंच सांगतात. कालवाचं कवच वर्षभर थराथराने वाढतं, आणि पाणी थंड की उबदार यावर त्या थरातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं, म्हणजे हलक्या-जड अणूंचं, प्रमाण ठरतं. बिजागरीपाशी कवच कापायचं, सुईएवढ्या गिरमिटाने थरागणिक पूड काढायची आणि तपासायची. अगदी बाहेरची कड म्हणजे कालव मेलं तो हंगाम. विद्यार्थिनीने कापलेलं एक कवच दाखवलं. राखाडी आणि पांढऱ्या रेषा, करंगळीच्या नखाएवढ्या जागेत काही वर्षं मावलेली. शेवटची रेष राखाडी होती. "हे हिवाळ्यातलं," ती म्हणाली. इथल्या कड्यांमध्ये सगळ्या ऋतूंतली कवचं सापडतात, म्हणजे लोक हंगामापुरते येऊन जात नव्हते, वर्षभर इथे नांदत होते. भटक्या टोळ्यांचं जे ठरीव चित्र आपल्या डोक्यात असतं, त्याला हा पुरावा छेद देतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कड्यांच्या उत्तरकाळातल्या कालवांचा आकार आणि पाण्याचा खारेपणा बदलल्याच्या खुणाही मांडल्या आहेत. समुद्राची पातळी हलली, खाडी बदलली, कालवं बदलली, आणि ३८०० वर्षांपूर्वीच्या सुमारास ही गावं ओस पडली.

मग आम्ही दुसरं आणि तिसरं कडं शोधत फिरलो. शोधतच, कारण ती जवळपास सपाट झाली आहेत. नांगर फिरला आणि कवचं बांधकामासाठी वाहून नेली गेली.

दुपारी चॉकलेट नावाच्या जुन्या मळ्यावर गेलो, तिथे त्या वाहून नेण्याचा अर्थ समोर उभा होता. ओळीने पडक्या भिंती. मड नदीच्या काठावर मालकाच्या घराचे अवशेष, जीर्णोद्धार केलेलं कोठार, आणि गुलामांच्या घरांचे फक्त पाये आणि चुलींचे ढिगारे. सगळं टॅबीचं. टॅबी करायची कृती सोपी आणि कष्ट जीवघेणे. कालवांची कवचं जाळून चुना करायचा, त्यात तेवढीच वाळू, तेवढीच अख्खी कवचं आणि पाणी घालून लाकडी साच्यात ठासायचं. थर वाळला की साचा वर सरकवायचा. भिंतीवर साच्यांच्या आडव्या रेषा अजून दिसतात, फूट-दीड फुटाच्या अंतराने. मी हात ठेवला. बोटाखाली अख्खं कवच, शेजारी फुटकं, मध्ये कोळशाचा काळा कण.

या किनाऱ्यावर टॅबीसाठी कवचं हवी असत, तेव्हा लोक खाडीत उतरत नसत. मूळ रहिवाशांचे हजारो वर्षांचे ढिगारे हाताशी होते. काही भिंतींत त्यांची खापरंही अडकलेली आढळतात. म्हणजे एका लोकांचं जेवण दुसऱ्या लोकांच्या भिंतीत गेलं, आणि ते ठासणारे हात तिसऱ्याच लोकांचे, अटलांटिकपलीकडून पकडून आणलेल्यांचे. पुस्तकात थर एकावर एक असतात. सापेलोवर ते एकमेकांत मिसळलेले आहेत, आणि मला वाटतं या बेटाचा अभ्यास करण्याचं खरं कारण हेच.

मधल्या एका थराबद्दल बोलायचं राहिलंच. सतराव्या शतकात इथे स्पॅनिश मिशन होतं, सान होसे दे सापाला. बेटाचं नाव तिथून आलं. ग्वाले या इथल्या मूळ रहिवाशांना बाप्तिस्मा देणारे पाद्री, मक्याची वसुली, साथीचे रोग, आणि १६८०च्या दशकात चाच्यांच्या व इंग्रजांच्या धाकाने सगळ्यांचं दक्षिणेकडे पलायन. केंटकी विद्यापीठाचे रिचर्ड जेफरीज आणि त्यांचे सहकारी २००३पासून या काळाचा माग घेत आले आहेत, आणि त्यांना शिंपल्यांच्या कड्याच्याच परिसरात स्पॅनिश तेलाच्या रांजणांचे तुकडे, रंगीत झिलईची मजोलिका खापरं आणि त्यांच्या सोबतीने स्थानिक भांडी सापडली. तीन हजारांहून अधिक वर्षांनी पुन्हा तीच जागा निवडली गेली, कारण गोडं पाणी, उंच जमीन आणि खाडी तीच. १५२६ साली आयलॉनने वसवलेली आणि काही महिन्यांत मोडलेली स्पॅनिश वसाहत याच बाजूला कुठे तरी होती, असं मानणारेही आहेत. अजून तिचा एकही पुरावा जमिनीतून आलेला नाही.

रविवार

सकाळी चर्चमध्ये. आम्ही मागच्या बाकावर बसलो होतो, तरी सगळ्यांनी हात मिळवले. फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट ही मंडळी १८६६ची, गुलामी संपल्याच्या दुसऱ्याच वर्षीची. त्यांचं जुनं चर्च बेटाच्या पूर्वेकडच्या रॅकून ब्लफला आहे. १८९८च्या चक्रीवादळात वाहून आलेलं लाकूड वेचून बांधलेलं.

वस्तीतले बहुतेक जण बिलाली मुहम्मदचे वंशज. पश्चिम आफ्रिकेतल्या फुता जालोनमधल्या टिंबो गावचा हा माणूस, आधी बहामात आणि मग १८०२च्या सुमारास सापेलोवर आला. आला म्हणजे विकत आणला गेला. मालक टॉमस स्पॉल्डिंग, लांब धाग्याच्या कापसाचा आणि उसाचा बागायतदार. टॅबीचा त्या काळातला सगळ्यात मोठा पुरस्कर्ता हाच. १८०९मध्ये त्याने साखरेचा कारखानाही टॅबीत बांधला. बिलाली त्याच्या शेकडो गुलामांवरचा मुकादम. नमाज पढणारा, रोजे पाळणारा. मरताना त्याने मागे ठेवली ती हाताने अरबीत लिहिलेली तेरा पानी वही. कित्येक वर्षं लोकांना वाटे, ही त्याची रोजनिशी किंवा मळ्याचे हिशेब. १९४० साली भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी दाखवलं, की त्यात मालिकी या इस्लामी धर्मशास्त्राच्या शाखेतल्या एका दहाव्या शतकातल्या ग्रंथातले उतारे आहेत. वुजू, म्हणजे नमाजाआधीची हातपाय-तोंडाची शुद्धी, कशी करावी, अजान कशी द्यावी. लहानपणी पाठ केलेलं, ग्रंथ समोर नसताना, उतारवयात आठवून लिहिलेलं. वही आज जॉर्जिया विद्यापीठात आहे.

मातीत असे कागद सापडत नाहीत, पण मातीतही काही असतं. न्यू बार्न क्रीकजवळ रे क्रूक यांनी केलेल्या उत्खननात कुडाच्या भिंतींना टॅबीचा गिलावा दिलेली लहान घरं उजेडात आली. बांधणीची रीत आफ्रिकेतली, गिलावा इथला. कवचं अर्थातच त्याआधीच्यांची. बिलालीने काय वाचलं होतं ते वही सांगते. त्याच्याबरोबरचे बाकीचे कसे राहत, हे सांगायला ते कूड आहेत.

बेटावरच्या कॉर्नेलिया वॉकर बेली यांनी, ज्या २०१७ साली गेल्या, आपल्या लोकांच्या आठवणी जपण्यात आयुष्य घालवलं. लहानपणी आम्हाला पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करायला शिकवलं, असं त्या सांगत. बॅप्टिस्ट घरात, मक्केचं नाव कुणी न घेता. दुपारी आम्ही बिहेवियर स्मशानभूमीच्या कुंपणाशी गेलो. आत जायला परवानगी नाही आणि आम्ही मागितलीही नाही. इथली थडगीही पूर्व-पश्चिम. पूर्वी थडग्यांवर माणसाच्या वापरातल्या वस्तू ठेवत. पेले, दिवे, घड्याळं. खापर शोधणाऱ्या माणसाला ती वस्तू म्हणून दिसेल, इथल्या माणसाला ती आत्या म्हणून दिसते. म्हणूनच अशा जागी खणायचं की नाही, हे इथल्यांनीच ठरवावं.

सोमवार

दक्षिण टोक धावतं पाहिलं. १८२०चा दीपस्तंभ, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, १९९८ साली पुन्हा उजळलेला. स्पॉल्डिंगची हवेली, जी मोडकळीला आल्यावर हडसन मोटार कंपनीच्या हॉवर्ड कॉफिनने नव्याने उभी केली आणि १९३४मध्ये तंबाखूवाल्या घराण्यातल्या आर. जे. रेनॉल्ड्स ज्युनियरने घेतली. संगमरवरी हौद, रंगवलेली छतं. एवढा पैसा खर्च झालेल्या या घरापेक्षा गुलामांच्या चुलींचे ढिगारेच मला जास्त आठवतात. शेजारी १९५३पासून सागरविज्ञान संस्था चालते, आणि खाजणांबद्दल जगाला आज जे माहीत आहे त्यातलं बरंचसं काम तिथेच झालेलं आहे.

त्याच रेनॉल्ड्सच्या काळात, १९५० आणि ६०च्या दशकांत, विखुरलेल्या वस्त्यांतल्या काळ्या कुटुंबांना जमिनींच्या अदलाबदली करायला लावून हॉग हॅमॉकमध्ये एकत्र आणलं गेलं. रॅकून ब्लफची जमीन त्यांच्या पूर्वजांनी १८७१मध्ये विकत घेतलेली होती, हजार एकर, स्वतःच्या पैशाने. आमच्या यजमानीणबाई तिथेच जन्मल्या. आता वस्तीत जेमतेम काही डझन लोक उरले आहेत. सप्टेंबर २०२३मध्ये काउंटीने, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाने, घराच्या आकाराची मर्यादा १४०० चौरस फुटांवरून ३००० वर नेली. सुट्टीच्या बंगल्यांना वाट मोकळी झाली, आणि बंगले आले की जमिनीचे भाव आणि त्यामागून कर वाढणार, मग आज राहणाऱ्यांना परवडणार नाही. रहिवाशांनी सह्या गोळा करून सार्वमत मागितलं, प्रकरण कोर्टात गेलं, आणि सप्टेंबर २०२५मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सार्वमताचा त्यांचा हक्क मान्य केला. आम्ही तिथे होतो तेव्हा मतदान व्हायचं होतं.

पुरातत्त्वाच्या लिखाणात सगळ्यात वरचा थर नेहमी घाईने उरकतात. नांगरटीची माती, बाजूला काढा. सापेलोवर त्या थरात माणसं राहताहेत, त्यांना घरपट्टी येते, आणि त्यांच्याजवळ खालच्या थरांचीही माहिती आहे.

निघायच्या आधी बाईंनी चहाच्या टेबलावर कागद पसरला आणि पेन्सिलीने रॅकून ब्लफ काढायला घेतलं. पुढच्या हंगामात तिथे खणणाऱ्यांना द्यायचा होता. चर्च, रस्ता, त्यांच्या वडिलांचं घर, विहीर. ताईने विचारलं, "घर नेमकं कुठे होतं, हे तुम्हाला इतक्या वर्षांनी कसं आठवतं?"

"विहिरीपासून मोजायचं," त्या म्हणाल्या. "विहिरीपासून दारापर्यंत पाणी मी वाहत होते." मग घराच्या मागे एक चौकोन काढून त्यावर त्यांनी फुली मारली. "इथे डुकरं होती. इथे वेळ घालवू नका म्हणावं. आईच्या औषधाच्या बाटल्या चुलीच्या डाव्या हाताला पुरलेल्या आहेत, तिथून सुरुवात करा."